ओंजळीतलं पाणी

"होडी उपसली? घासली? उन्हात वाळवली?" धरणाच्या घाटावर येणाऱ्या प्रत्येक होडीवाल्याला रेवती हेच विचारायची, आणि ज्याला येत नसेल त्याला शिकवायची.

"अगदी तळापासून, ताई," यशवंत मल्लाव म्हणाला.

घाटावरच्या यंत्राने होडी हुंगली आणि हिरवा दिवा लागला. झपाट्याने वाढून नळ-झडपा बुजवणाऱ्या काळ्या शिंपलीचं डोळ्यांना न दिसणारं एक अंडं जरी पाण्यात पडलं, तरी हे यंत्र धरण कायमचं बंद करायचं, आणि काठच्या गावांचे नळही. यशवंतचं धरण असंच गेलं होतं.

त्याची बायको कौसल्या पूजेला पुढे झाली. तिने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पदराआडून तोंड बांधलेला एक छोटा गडू काढला. फडकं सोडून तो पाण्यावर कलता केला.

"आमच्या धरणाचं आहे. आधी जुन्या पाण्याची धार, मग होडी. आमची पद्धतच आहे."

यंत्राचा दिवा लाल झाला. रेवतीने झेप घेऊन धारेखाली ओंजळ धरली. गडू रिकामा झाला, ओंजळ काठोकाठ भरली.

"वहिनी, यातला थेंब जरी पडला तरी हेही धरण जाईल!"

पाणी बोटांच्या फटीशी आलं होतं. हललं तरी सांडणार होतं.

कौसल्या वाकली. रेवतीच्या ओंजळीला तोंड लावून तिने सगळं पाणी पिऊन टाकलं आणि ते ओले हात पदरात घट्ट गुंडाळले.

"अहो, गोड आहे अजून," ती नवऱ्याला म्हणाली. "पण तुमच्यासाठी घोटभरही ठेवता आलं नाही."