मालकाचं नाव

“एक लाख आठ हजार,” पुनर्वसन अधिकारी विनिता सबनीस यांनी नोटिशीतला आकडा वाचला आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. “हे तुम्हाला मान्य नाही?”

“नाय,” गंगाबाई म्हणाली.

पनवेलच्या पुनर्वसन कार्यालयात सकाळचे साडेअकरा वाजले होते. मासळीबाजारातला धंदा एक दिवस बंद ठेवून गंगाबाई आली होती, आणि सोबत मुलगी मोनाली. खाडीकाठचं घर प्रकल्पात गेलं. नवं मिळेपर्यंत कार्यालय महिन्याला सहा हजार घरभाडं देत होतं. दोन वर्षांपूर्वी तिने गव्हाणला गणू नाखव्याच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पावत्या सगळ्या जागच्या जागी होत्या. आणि आता कार्यालय म्हणत होतं, गेले अठरा महिने तुम्ही नवऱ्याच्याच घरात राहता, तर भाडं कसलं? घेतलेले पैसे परत करा, नाहीतर नव्या घराची चावी मिळणार नाही.

पैशांचं तिला एवढं वाटत नव्हतं. पापलेटं विकून ते कसेही उभे राहिले असते. पण ते घर तिने मोनालीसाठी ठरवलं होतं, म्हणून चावी अडू द्यायची नव्हती.

घोळ केला होता कार्यालयातल्या कारकुनाने, शैलेशने. तोही तिथेच फाइल घेऊन उभा होता. पाहणीला गव्हाणला गेला तेव्हा गंगाबाई बाजारात होती, म्हणून त्याने शेजारच्या सुमतीला विचारलं. सुमती म्हणाली, गणू नाखवा तिचा मालक हाय. याने सरळ ‘पती’ लिहून टाकलं.

“आमच्याकडे नवऱ्यालाच मालक म्हणतात, मॅडम,” शैलेश म्हणाला.

“भाड्याच्या घराला काय मालक नसतो?” गंगाबाईने विचारलं.

शैलेश फाइल चाळू लागला. मॅडमना मात्र गंमत वाटली. वीस वर्षं गावोगावच्या फायली चाळलेली बाई ती, उडत्या पाखराची पिसं मोजणारी. कागदावरून हे सुटायचं नाही हे त्यांनी ओळखलं. त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “मिस्टरांचं नाव?”

गंगाबाईने पदर सावरला, खाली पाहिलं आणि मोनालीला कोपराने ढोसलं.

“हरिश्चंद्र,” मोनाली म्हणाली. “बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.”

“आणि घरमालकाचं?”

टेबलावरच्या ग्लासातलं पाणी गंगाबाई घोटभर प्यायली.

“गणू,” ती म्हणाली. “गणू लक्षुमन कोळी. सगले गणू नाखवाच बोलतात.”

मोनालीला जोराचा ठसका लागला. उरलेलं पाणी तिला द्यावं लागलं.

विनिता मॅडमनी पेन खाली ठेवलं. गेलेल्या नवऱ्याचं नावसुद्धा ही बाई तोंडातून काढत नाही, त्यांनी शैलेशला समजावलं, आणि जिवंत नवऱ्याचं असं एका दमात तीनदा घेईल? जरा माणसं बघून लिहीत जा. शैलेशचे कान लाल झाले. वसुली रद्द केल्याचा शेरा मॅडमनी तिथल्या तिथे मारला, सही केली आणि चावीसाठी पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. निघताना त्यांनी शैलेशला माफीही मागायला लावली. त्या पोराची गंगाबाईला दया आली. बाजारात ये, ताजे बोंबील देईन, असं ती त्याला म्हणाली.

रिक्षात मायलेकी हसत होत्या. गंगाबाईला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. वाटेत तिने पाव किलो जिलेबी घेतली.

गणू नाखवा ओटीवर वाट बघत बसला होता. काय झालं, असं त्याने विचारायच्या आत मोनालीने सगळं सांगून टाकलं: आईने भरल्या कचेरीत त्याचं नाव घेतलं, एकदा नाही, तीनदा. म्हातारा बघतच राहिला.

गंगाबाईने जिलेबीचा पुडा त्याच्यापुढे ठेवला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

“रागावू नका,” ती म्हणाली. “आपल्या लग्नात उखान्यालापन मी तुमचं नाव घेतलं नव्हतं.”