सांगशील तिथे थांबते

तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की चाचणीची लिफ्ट हटकून चौथ्यावर जायची. चूक शोधायला त्यानं लिफ्ट चालवणाऱ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी प्रिंटच्या ओळी घातल्या होत्या. लिफ्ट चढेल तसतसे स्क्रीनवर शब्द उमटायचे: ‘निघालो’, ‘पहिला गेला’, ‘दुसरा गेला’.

बायकोच त्याची टीमलीड. तिनं कपाळाला हात लावला. “बंद कर ही स्क्रीनवरची बडबड! डीबगर कशाला दिलाय? सांगशील त्या ओळीवर प्रोग्रॅम थांबतो, मग आत डोकावून निवांत बघायचं. लाव तो, मी लिफ्टमध्ये बसते.”

त्यानं सगळ्या प्रिंट काढल्या आणि ‘दुसरा गेला’ होतं त्या ओळीवर डीबगर लावला. प्रोग्रॅम बरोब्बर तिथेच थांबला. त्याबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध लिफ्टही थांबली. चूक समोरच दिसत होती. तो खूश होऊन, खुर्चीत रेलून, निवांत बघत बसला.

तेवढ्यात लिफ्टचं दार धडाधड वाजलं. “अरे, आहेस ना तिथे? काय चाललंय, कुठवर आलं, जरा सांगत राहा की!”

“तेच तर करत होतो,” तो हसू दाबत ओरडला. “तूच बंद करायला लावलंस!”