मोकळ्या जागा

त्सुनामीचा इशारा गावातल्या भोंग्यांवरून वाचणारी पर्ल या संगणकभाषेतली जुनी स्क्रिप्ट नात्सुमेने झाडूनपुसून लख्ख केली होती. मी ती तपासत होते.

"मिनेगिशीसान, फक्त जास्तीच्या मोकळ्या जागा काढल्यात. एका अक्षराला हात लावलेला नाही. द्या की मंजुरी."

देणारच होते, तेवढ्यात भोंग्यांवर रोजची पाचची धून लागली. सूर डोंगरावर आपटून परतले आणि पुढच्या सुरांत घुसले. नुसता कालवा. मी ताडकन उठले, चहा सांडला.

"अगं, इशाऱ्याच्या शब्दांमधल्या जागाही काढल्यास?"

"हो. रिकाम्याच तर होत्या."

"रिकाम्या कुठल्या? तिथे मशीन थांबतं. डोंगर आपला शब्द परत म्हणून घेतो, मगच आपण पुढचा बोलायचा."