न छेडलेला स्वर
मयिलापूरच्या शाळेत मुलांना तंबोरा ऐकवायला दरवर्षी अप्पा यायचे. यंदा अप्पा वारले, म्हणून लेक कनका आली. जन्मभर ती गायली; तंबोरा मात्र अप्पांनीच लावून दिला. “चार तारा जुळल्या, की कुणीच न छेडलेला स्वर उमटतो,” ते म्हणत. आज वर्गात तिच्या हातून तो काही उमटेना. तारेखालचा सुती दोरा तिने केसभर सरकवला, पुन्हा सरकवला. “मिस, रिपेरला द्या!” मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला. “आधी तुमचे कान रिपेर करू,” म्हणत तिने समोरच्या मुलीचा कान तंबोऱ्याला टेकवला आणि दोरा किंचित ओढला. तिने छेडताच तारा घुमल्या. खिदळणं विरलं. मुलगी कुजबुजली, “मिस, तारा चारच आहेत. मग हे पाचवं कोण गातंय?” कनका छेडतच राहिली. हात थांबला असता, तर तो आवाजही थांबला असता.