काढून टाकलेला व्हिडिओ

पहिली काठी धुळाच्या पाठीत बसली, तेव्हा तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. दुसरी डोक्यात बसली आणि पटका रक्ताने भिजला. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांची पाळी नुकतीच सुटली होती. पन्नासेक माणसं सायकली टाकून माळावर आली होती आणि आज कुणालाच घरी जायची घाई नव्हती. मेंढ्या वाट फुटेल तिकडे उधळल्या.

धुळाची मुलगी ऋतुजा बापाच्या अंगावर आडवी पडली. पोरगी चुणचुणीत, सोलापुरात कॉलेजला जाणारी. तिचा बाप एका पोराला पोत्यात कोंबतोय, असा व्हिडिओ काल कुणीतरी एआयवर बनवून सोडला होता. तिने सकाळीच सायबर पोलिसांत तक्रार दिली. पोलिसांनी तो व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीला कळवलं आणि कंपनीनेही कायद्याच्या धाकाने तीन तासांत व्हिडिओ उडवला. एवढं काम एकटीने तडीस नेलं म्हणून दुपारी ती पोटभर जेवली होती.

आता तिने फोन सगळ्यांपुढे धरला. पडद्यावर काळा चौकोन आणि खाली एक ओळ: कायदेशीर विनंतीमुळे हा व्हिडिओ भारतात उपलब्ध नाही.

"बघा की, काढलाय. खोटा हुता म्हणून काढलाय."

टपरीवाल्या गुरुशांतने ती ओळ दोनदा वाचली. तसा समजूतदार माणूस, चार जणांची भांडणं मिटवणारा. धुळा रोज त्याच्याकडेच चहा प्यायचा.

"खोटा असता तर लपवला कशाला असता?" तो म्हणाला. "वरनं दाबलंय हे."

हे सगळ्यांना एकदम पटलं. काठ्या पुन्हा सुरू झाल्या. एकाने बरगडीत बुटाची लाथ घातली, तसा धुळा तोंडातून रक्त ओकला.

ऋतुजा घसा फोडून सांगू लागली. व्हिडिओतला माणूस पोत्यात कोंबायच्या आधी पोराला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो. तिच्या बापाचा डावा हात लहानपणी मोडून वाकडा बसलेला, कोपरातून सरळच होत नाही. एकदा व्हिडिओ नीट बघा, मग खुशाल मारा.

लोक थांबले. म्हणणं रास्त होतं. गुरुशांतने व्हिडिओ दाखव म्हणून सांगितलं.

तिने लिंकवर पुन्हा पुन्हा बोट दाबलं. काळा चौकोन काही हलेना. कुणाकडे तरी असेल म्हणून ती एकेकापुढे हात जोडत फिरली, पण प्रत्येकाच्या फोनमध्ये तीच मेलेली लिंक. तिच्याकडे एक प्रत होती. तक्रार दिल्या दिल्या तिने ती घाण पुसावी तशी पुसून टाकली होती. आपल्याच हुशारीची तिला इतकी चीड कधी आली नव्हती.

"न्हाय ना?" गुरुशांत म्हणाला. "मग हातच बघू."

चौघांनी धुळाला उताणा दाबून धरला. ऋतुजाला केसांना धरून मागे ओढलं. गुरुशांतने वाकडा हात मनगटाशी पकडला, कोपरावर गुडघा टेकवला आणि सगळं वजन टाकलं. हाडाचा आवाज मागे उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

गुरुशांतने तो हात मातीवर नीट लांब करून ठेवला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून बाजूला सरकला.

"हुतोय की सरळ."