लंकाबाईचा ट्रे

लंकाबाईचं नाव पुकारलं गेलं आणि लंकाबाई जागची हलेचना. शेजारच्या मैनाने ढोसलं तेव्हा कुठे ती उठली, उजवा हात पदराआड धरून.

सातपूरच्या एमआयडीसीतला स्विचचा कारखाना. साल दोन हजार तीन. कामगारांचा उत्साह कसा वाढवायचा, हे मॅनेजर वेदिका मॅडम पुण्याला शिकून आल्या होत्या. महिन्यात जिचा ट्रे जोडलेल्या स्विचांनी सगळ्यात जास्त भरेल, तिचा फोटो गेटवर. जिचा सगळ्यात कमी, ती टेंपररी असेल तर घरी. सुपरवायझर खैरनार रोज सकाळी हे ओरडून सांगत. त्यांना हसताना लाइनवर कुणी पाहिलं नव्हतं.

लंकाबाई टेंपररी होती. आणि पहिली आली होती.

"बघा, कौतुक झालं की माणूस कसा धावतो!" मॅडमनी माइक तिच्यापुढे धरला. "सांगा लंकाबाई, कसं जमवलंत?"

गप्प राहिली असती तर फोटो तिचा होता, नोकरीही. पण फुकटचा मान तिच्या घशाखाली उतरेना. तिने पदर बाजूला केला. हाताला पट्टी होती.

"दिवाळीच्या चकल्या तळताना भाजला, मॅडम. महिनाभर निम्मंच काम झालंय माझं. ट्रे कोन भरत होतं, मला नाय ठाऊक. माझा फोटो लावू नका."

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. "कुणी भरला हिचा ट्रे?"

मैना उभी राहिली. "मी. माझ्यातले थोडे टाकत होते. पण एवढे नाय हो!"

मागून आशा उठली. मैनाने डोळे वटारले. "तू बी?"

मग सावित्रीबाई उठल्या. मग अख्खी लाइन उठली. हे पुण्य आपण एकटीच गुपचूप करतोय, असं प्रत्येकीला वाटत होतं! सगळ्यात मागे पडलेल्या बाईला सगळ्यांनी मिळून पहिलं आणून ठेवलं होतं. लंकाबाईला रडू फुटलं, पण मान ताठ झाली. एवढी माणसं आपली!

मॅडम मात्र संतापल्या. "खैरनार, तुमच्या नाकाखाली हे चाललं होतं? आता घरी कुणाला पाठवायचं, तुम्हीच सांगा!"

लंकाबाईने डोळे मिटून घेतले. खैरनारांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मलाच पाठवा, मॅडम. शिफ्ट सुटल्यावर रोज तिच्या जागेवर मीच बसत होतो."