एकच तारा

"बोलवत नसेल ते गाण्यात घालावं गं बाई, गाण्यावर कुणी रागावत नाही," असं तिची आई फार पूर्वी म्हणायची. पण हिचा गळा बेसूर. हिला येत होतं ते शिवण. उशांचे अभ्रे शिवून ती ऑनलाइन विकायची. दुकानाचं पान नवऱ्यानंच काढून दिलेलं, ऑर्डरीही तोच घ्यायचा. उरलेल्या वेळात इंटरनेटवर तावातावानं भांडायचा, की कुणाचंही तोंड दाबायचा अधिकार कुणालाच नाही.

आज मात्र तो फोन घेऊन तणतणत तिच्या मशीनपाशी आला.

"कुणीतरी आपल्या दुकानाला पाचपैकी एकच तारा दिलाय. वर लिहिलंय काय, तर 'शिवण सुरेख आहे, पण इथून काही मागवू नका.' हा शेरा काढायलाच लावतो."

"का बरं? बोलू दे की त्याला. सकाळीच तर तुम्ही साऱ्या जगाला हेच सांगत होतात."

"ते जगाचं झालं. हा आपल्या घरचा प्रश्न आहे."

"घरचाच आहे," पायडलवरचा पाय थांबवत ती म्हणाली. "शेरा मीच लिहिलाय. तुम्हाला सांगायला किती वेळा आले, तर दर वेळी हात वर करून म्हणालात, 'थांब, महत्त्वाचा वाद चाललाय.' म्हटलं, तुम्ही वाचता तिथंच लिहावं."

त्यानं शेरा पुन्हा एकदा वाचला.

"दमलेय हो मी," ती म्हणाली. "थोडे दिवस ऑर्डरी घेऊ नका."